ऑडिशनच्या खोलीत लक्ष कुठे ठेवायचं

गोव्यात नाटक करणाऱ्या माणसाला लोकांची भीती नसते, हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला नाटक हे ठरलेलंच, आणि त्यात कामं करणारे सगळे गावचेच, कोण बँकेत, कोण वीज खात्यात, कोणाचं भुसारी दुकान. पालखी आटपून पडदा वर जाईस्तोवर मध्यरात्र झालेली असते, पुढे पोरं चटईवर आडवी झालेली, मागे खाज्यांच्या दुकानांचे दिवे, माईक मधेच शिट्टी मारतो, कोणीतरी "आवाज येईना" म्हणून ओरडतो, आणि या सगळ्यात आमचा माणूस पानभर स्वगत खणखणीत म्हणून टाळी घेऊन आत जातो. आत जाऊन चहा पितो आणि पुढच्या एंट्रीची मिशी लावायला बसतो.

तोच माणूस कुठल्यातरी वेबसिरीजच्या ऑडिशनला गेला की हात गार पडतात, घसा सुकतो आणि चार ओळींचा सीन मधेच अडकतो. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात आला, आता ओटीटीची शूटिंगं पण इथे सारखी चालू असतात, त्यामुळे ऑडिशन हा प्रकार आपल्या दारातच आलाय, आणि इतक्या चांगल्या चांगल्या नटांचं असं होताना मी बघितलंय की यावर नीट लिहायचंच असं कधीचं मनात होतं. आपल्याकडे यावर एकच सल्ला मिळतो, "बिनधास्त जा रे, काय होत नाही". देणाऱ्याचं मन चांगलंच असतं पण दाराच्या आत गेल्यावर त्या सल्ल्याचं करायचं काय?

माझ्या मते सगळी गडबड त्या खोलीतल्या शांततेत आहे. देवळासमोर बसलेला प्रेक्षक तुम्हाला सारखं काहीतरी परत देत असतो, हसू, खोकला, चुळबूळ, अगदी उठून जाणारा माणूस सुद्धा काहीतरी सांगूनच जातो. ऑडिशनच्या खोलीत एक ट्रायपॉड, एक लाईट, एसीची घरघर, मॉनिटर बघणारी एक मुलगी आणि कागद हातात धरून क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारा, एक जण. कोणी हसत नाही कारण हसलं तर ते रेकॉर्ड होतं. कोणी मान पण हलवत नाही. मग ती रिकामी जागा आपलं डोकं भरून काढतं, यांना आवडत नाहीये वाटतं, माझं हिंदी फारच गोंयकारासारखं येतंय काय, हात कुठे ठेवू, मघाशी गेला तो मुलगा किती उंच होता. म्हणजे जे लक्ष समोर जायला हवं होतं ते फिरून आपल्यावरच येऊन बसतं, आणि एकदा का नट स्वतःलाच बघायला लागला की समोरचं वाक्य त्याला नीट ऐकू येत नाही, आणि समोरचं ऐकू आलं नाही की आपलं पुढचं आठवत नाही. लोकांना वाटतं पाठांतर कच्चं होतं. पाठांतर कच्चं नसतंच बहुतेक वेळा, रात्री घरी आल्यावर तोच माणूस अख्खा सीन झोपेत म्हणून दाखवेल.

म्हणून मी भीती घालवायच्या मागे लागत नाही आणि कोणाला लागायला सांगत पण नाही. भीती राहू दे तिथे. दार उघडायच्या आधी लक्षाला काम नेमून द्यायचं, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते काम म्हणजे समोरचा माणूस आणि त्याच्याकडून मला काय हवंय.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ज्यांनी १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं त्यातला एक, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की, नटांना अवधानाची वर्तुळं शिकवायचा. आधी लहान वर्तुळ, म्हणजे टेबल, हातातली वस्तू, आपल्यापुरता उजेड, मग जरा मोठं, मग त्याहून मोठं, आणि मोठ्यात आपण विखुरलो असं वाटलं की झटकन परत लहानात यायचं. "प्रेक्षकांना विसर" असं सांगून कोणी विसरत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो विसरायला सांगायच्या ऐवजी बघायला दुसरं काहीतरी द्यायचा. पुढे अमेरिकेत सॅनफर्ड माइस्नर या अभिनय शिकवणाऱ्याने तर सगळा भर समोरच्या नटावरच टाकला. त्याच्या रिपिटिशनच्या व्यायामात दोघं समोरासमोर बसतात आणि एकमेकांत दिसलेली साधी गोष्ट परत परत बोलत राहतात, तू निळा शर्ट घातलायस, मी निळा शर्ट घातलाय, आणि बोलता बोलता समोरच्याचं जे काही बदलतं त्याने आपलं बोलणं आपोआप बदलत जातं. वाचायला बालवाडीचं वाटेल पण दहा मिनिटं करून बघा, किती वेळा आपलं लक्ष समोरच्यावरून सुटून "मी कसा दिसतोय" वर जातं ते लगेच कळतं.

आणि फक्त नाटकवालेच असं म्हणतात असंही नाही. गाब्रिएले वुल्फ नावाच्या संशोधिकेचा १९९८ चा एक प्रयोग आहे, स्कीसारखं डोलायच्या एका मशीनवर लोकांना शिकवायचं, त्यात एका गटाला सांगितलं की आपल्या पायाने जोर देताय त्यावर लक्ष ठेवा आणि दुसऱ्या गटाला सांगितलं की पायाखालच्या चाकांवर जोर देताय त्यावर लक्ष ठेवा. चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगलं शिकले. पाय आणि त्याच्या खालचं चाक, अंतर केवढं, पण लक्ष अंगाच्या आत आहे की बाहेर आहे याने फरक पडला. अभिनय म्हणजे स्की नव्हे, मान्य. पण ओठ, हात, आवाज हे सगळं शेवटी अंगच आहे ना, आणि त्याच्यावर पहारा बसवला की ते आखडतं हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

मला स्वतःला हे पुरतं पटलं ते क्यू देणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर. एका शूटिंगसाठी मडगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये ऑडिशनं होती, त्यांना इथले चेहरे हवे होते, आणि मला हिंदी आणि कोकणी दोन्ही बरं वाचता येतं म्हणून क्यू द्यायला बोलावलं होतं. सीन एका पानाचा. मुलगा काही दिवस न सांगता गायब होता, आज रात्री परत आलाय, आई त्याला जेवायला वाढते, इकडचं तिकडचं बोलते, आणि अगदी शेवटी एकच प्रश्न विचारते. मी मुलाची वाक्यं वाचत होते. सकाळपासून आया येत होत्या.

त्यात एक बाई होत्या, नाट्यस्पर्धेतल्या गाजलेल्या, आवाज असा की हॉलच्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जावा. पहिल्या वाक्यालाच त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. सगळं सुरेख चाललं होतं पण त्या माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत होत्या. दुसऱ्या टेकला कास्टिंगच्या मुलीने मला हळूच सांगितलं, मुलगा आता चिडलेला वाचा, त्यांना सांगू नका. मी चिडून वाचलं, म्हटलं तर ओरडलेच. त्यांचं उत्तर तसंच आलं, तोच सूर, तिथेच थांबणं, तिथेच पाणी. माझ्या जागी भिंत असती तरी चाललं असतं. मला फार वाईट वाटलं कारण बाईंच्या ताकदीबद्दल मला काडीची शंका नाही, ती सगळी ताकद घरी बसवून आणलेली होती आणि खोलीत जे नवीन घडत होतं त्याला शिरायला फटच नव्हती.

मग दुपारी काणकोणहून एक जण आल्या. कामावरूनच आलेल्या असणार, खांद्याला मोठी पिशवी, ती कुठे ठेवू विचारलं, ठेवली, बसल्या. सुरुवातीला त्यांचा श्वास वर-खाली होताना मला दिसत होता. सीन सुरू झाला आणि मधेच त्या वाक्य विसरल्या. नट विसरला की डोळे वर जातात, छताकडे, कागद आठवायला, ते मी ओळखते. यांचे गेले नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या हातातल्या कागदाकडे नाही हां, माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "पयलीं जेव रे." हे वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि त्या थांबल्या, मी जेवेपर्यंत थांबणार अशा. माझं पुढचं वाक्य उद्धट होतं पण ते माझ्या तोंडून उद्धट निघेच ना, हळू निघालं, मग त्यांचंही पुढचं आपोआप आलं आणि सीन शेवटपर्यंत गेला. इतका वेळ मोबाईलमध्ये बघणारा लाईटवाला पण वर बघायला लागला होता.

आता ऐका. त्यांना तो रोल मिळाला नाही. का, तर मुलाचं काम करणारा मुलगा मुंबईहून आधीच नक्की झाला होता आणि त्याच्या शेजारी त्या आई न वाटता मोठ्या बहिणीसारख्या दिसत होत्या. बस एवढंच. उंची, चेहऱ्याची ठेवण, तारखा, आधी कोण नक्की झालंय, भाषेचा हेल, अशा कितीतरी गोष्टींवर ते ठरतं आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी तुम्ही दार ढकलायच्या आधीच ठरून गेलेल्या असतात. म्हणून निकालावर लक्ष ठेवून खोलीत जाणं मला पटत नाही, कारण तिथे लक्ष ठेवून करण्यासारखं तुमच्याकडे कामच नसतं. कास्टिंगच्या मुलीच्या वहीत मात्र काणकोणच्या बाईंचं नाव वेगळ्या पानावर लिहिलं गेलं, ते मी शेजारीच बसून बघितलं.

बरं, मग "काय हवंय" हे ठरवायचं कसं, ते एका उदाहरणाने सांगते कारण इथेच जास्त लोक अडकतात. समजा तुम्हाला सीन आलाय, बहीण गावच्या जुन्या घराची किल्ली मागायला भावाकडे आलीय, भावाला घर विकायचंय. बरेच जण कागदावर पेन्सिलीने लिहितात, ती दुःखी आहे, चिडलेली आहे, आठवणीत हरवलेली आहे. आता "दुःखी" हे खोलीत जाऊन करणार कसं? दुःखी दिसायचा प्रयत्न करणार, म्हणजे परत स्वतःकडे बघणार. त्याच्या ऐवजी लिहा, त्याने किल्ली माझ्या हातात ठेवायला हवी. आज, इथे, मी उठायच्या आत. हे करता येतं. आणि हे करायचं तर त्याच्याकडे बघावंच लागतं, तो ढिला पडतोय की घट्ट होतोय, आईचं नाव काढल्यावर त्याने नजर चोरली काय, मग तिथे अजून थोडं लावून धरू काय. वाक्यं तीच, पण आता प्रत्येक वाक्य म्हणजे दाराला दिलेला एक धक्का होतो, आणि दार हललं की नाही ते बघायला तुम्हाला बाहेरच बघावं लागतं. क्यू देणारा अगदी सपाट वाचत असला तरी चालतं, उलट बरं, सपाट वाचतोय म्हणजे भाऊ दाद देत नाहीये, घ्या तसंच. मी तर सांगते की खडूस वाचणारा मिळाला तर खूश व्हा, त्याने तुमचं अर्धं काम सोपं केलं.

यासाठी पाठांतर मात्र असं हवं की त्याच्यावर लक्ष खर्च होता कामा नये. आणि इथे आपल्या नाटकवाल्यांची एक खास अडचण आहे, आपण चालीत पाठ करतो. तालमीला महिना-दोन महिने एकच सूर घोटलेला असतो, त्याची गोडी आहे, संगीत नाटकाच्या मातीत वाढलेलो आपण, मला त्याचा अभिमानच आहे. पण ऑडिशनला कास्टिंगवाले पहिल्या टेकनंतर म्हणतात, हेच आता हळू आवाजात करा, बाजूच्या खोलीत बाळ झोपलंय असं समजून, आणि चालीत पाठ केलेल्याचं सगळं तिथे कोसळतं. मी वाक्यं आडोळीवर नारळ खवताना म्हणते, स्कूटरवर म्हणते, कधी पळत कधी कुजबुजत, सूर मुद्दाम बसू देत नाही. शब्द पक्के, सूर मोकळा. दुसऱ्या टेकला काही वेगळं करायला सांगितलं म्हणजे पहिला वाईट झाला असा अर्थ लावू नका, बहुतेक वेळा तुम्ही ऐकता काय, बदलता काय, तेच त्यांना बघायचं असतं, कारण सेटवर रोज तेच करावं लागणार. दिल्लीच्या एनएसडीचं, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं पण बघा ना, १९५९ पासूनची संस्था, तिथे आधी पाठ केलेले प्रवेश करून दाखवायचे असतात आणि त्यातून पुढे गेलं की काही दिवसांची कार्यशाळाच घेतात. पाठ केलेलं तर पहिल्याच फेरीत बघून झालं, मग कार्यशाळेत बघायचं उरतं ते तुम्ही इतरांबरोबर कसं काम करता, सांगितलेलं कसं घेता.

आता बाहेरचा बाक. गोवा लहान, त्यामुळे ऑडिशनच्या कॉरिडॉरमध्ये बसलेला प्रत्येक जण ओळखीचा निघतो. "अरे तू पण?", "कोणत्या रोलला?", "त्याचं फिक्स आहे म्हणतात", मग कोणाच्या नाटकाला यंदा नंबर का मिळाला नाही, परीक्षक कोण होते. माणसं चांगली असतात, मला त्यांच्याशी बोलायला आवडतं, पण ते ऑडिशन झाल्यावर. आधीच्या अर्ध्या तासात हे सगळं ऐकलं की आत जाताना तुमच्यासोबत अजून दहा माणसं आत येतात. मी नाव लिहिते, साधारण किती वेळ लागेल विचारते आणि सरळ बाहेर जाते, दादा माझं नाव आलं की हाक मारा हं, असं दारावरच्याला सांगून. पणजीत कांपालला कला अकादमीत काही असलं तर फारच छान, चार्ल्स कोरियांनी ती इमारत अशी बांधलीय की आतून चालत चालत मांडवीच्या काठाशी निघता येतं, तिथे उभं राहून सीनमधल्या आधीच्या पाच मिनिटांचा विचार करते. म्हणजे ही बहीण भावाच्या दारात आली ती कशी आली, बसने की चालत, वाटेत काय ठरवून आली, घाम आलाय काय. सीन जिथे सुरू होतो तिथून सुरू करायला गेलं की पहिली दोन वाक्यं वाया जातात, आधीच येऊन पोचलेलं असावं.

मुंबईला जायचं असलं तर एक साधी गोष्ट. मडगावहून रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी उतरायचं आणि तसंच तोंड धुवून अंधेरीला आराम नगर गाठायचं, जिथे ऑडिशनं होतात, असं आपल्यातले बरेच जण करतात कारण राहायला पैसे लागतात. जमत असेल तर आदल्या दिवशी पोचा, आत्याकडे, मावशीकडे, कोणाकडे पण. झोप न झालेल्या डोक्याला लक्ष एका जागी धरता येत नाही, तिथे कुठलंच तंत्र चालत नाही.

शरीराचं काय करायचं हे पण विचारतात. हात गार पडतात कारण अ‍ॅड्रिनलिनमुळे कातडीकडचं रक्त आत मोठ्या स्नायूंकडे वळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, अंग कामाला तयार होतंय. श्वास सोडताना जास्त वेळ घ्यायचा, चार मोजून आत, सहा-सात मोजून बाहेर, असं थोडा वेळ केलं की छातीतली धडधड उतरते. पण पूर्ण शांत व्हायचा हट्ट मी धरत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स यांचं २०१४ चं संशोधन आहे, गाणं म्हणायच्या किंवा भाषण करायच्या आधी ज्यांनी स्वतःला "मी शांत आहे" सांगितलं त्यांच्यापेक्षा "मी एक्सायटेड आहे" सांगणाऱ्यांचं सादरीकरण सरस झालं. मला याचं नवल वाटलं नाही, कारण पडदा वर जायच्या आधी विंगेत जी धडधड होते ती पण हीच असते, तिथे आपण तिला भीती म्हणत नाही, नारळ फुटला, घंटा झाली, चल, म्हणतो. अंगात चाललेलं तेच असतं.

आत गेल्यावर आधी इंट्रो. नाव, वय, उंची, गाव, मग डावी बाजू, उजवी बाजू, हात दाखवा. हे लोक घाईत उरकतात आणि तिथेच धाप लागते. मी इंट्रो देताना कॅमेऱ्याच्या मागे जो कोणी असेल त्यालाच सांगतेय असं धरून सांगते, त्याला आधी बघते, तो कसा उभा आहे, दमलाय काय. कोणाला तरी खरंच काहीतरी सांगायला सुरुवात झाली की लक्ष बाहेर गेलेलंच असतं आणि तसंच ते सीनमध्ये नेता येतं. इंट्रो लेन्समध्ये बघून, सीन क्यू देणाऱ्याकडे बघून, वेगळं काही सांगितलं नसेल तर.

सेल्फ टेपला, म्हणजे घरीच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनला, तर हे सगळं अजून अवघड, कारण तिथे लाईटवाला पण आपण आणि परीक्षक पण आपणच. पंखा बंद करायचा, पावसाळ्यात पत्र्याचा आवाज, संध्याकाळी नेमका चांगल्या टेकला पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत येतो. हे सगळं चालेल, पण एक करू नका, भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बघून किंवा मोबाईलमध्ये आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजाला उत्तरं देऊ नका. कोणीतरी माणूस बसवा, आई, धाकटा भाऊ, शेजारची काकी, अडखळत वाचलं तरी चालेल, कॅमेऱ्याला अगदी लागून बसवा म्हणजे तुमचा चेहरा पण दिसतो. आणि टेक संपला की लगेच बघायचा नाही. बघितला की पुढच्या टेकला तुम्ही भावाकडून किल्ली मागत नसता, मघाशी वाकडी झालेली भुवई सरळ करत असता. सलग तीन-चार घ्या, मोबाईल ठेवून द्या, चहा करा, मग बघा.

झाल्यावर मी वहीत निकालाबद्दल काही लिहीत नाही. मला समोरच्याकडून काय हवं होतं, ते मी खरंच मागितलं काय, आणि लक्ष कुठे सुटलं, एवढंच लिहिते. कुठे सुटलं हे लिहिल्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, माझं जवळजवळ नेहमी हिंदी शब्दावर सुटतं, 'ज्यादा', 'जरूरत' असला ज चा शब्द जवळ आला की दोन वाक्यं आधीपासून मी त्याची वाट बघत बसते. आता ते शब्द मी आधीच वेगळे काढून महिनाभर रोजच्या बोलण्यात वापरते, खोलीत त्यांच्याशी झटापट नको. तुमचं कदाचित वेगळं असेल, कोणाचं इंग्लिशवर, कोणाचं रडायच्या जागेवर, कोणाचं समोरचा देखणा असला की.

अजून एक, ऑडिशनला पैसे मागितले, रजिस्ट्रेशन म्हणा, पोर्टफोलिओची सक्ती म्हणा, कार्ड म्हणा, तर तिथून निघून या. खरं कास्टिंग करणारे नटाकडून पैसे घेत नाहीत. घरच्यांना, खास करून नव्या मुलींच्या घरच्यांना, कुठे जाताय कोणाला भेटताय ते सांगून जा, मनात ती धाकधूक घेऊन काम होत नाही.

आणि कोणाला सेल्फ टेपसाठी क्यू द्यायला माणूस मिळत नसेल तर मला मेसेज करा. मी फोंड्यात असते, संध्याकाळी सहानंतर मोकळी, रविवारी दिवसभर. सीन आदल्या दिवशी पाठवा म्हणजे मी वाचून येईन, आणि सपाट वाचू की चिडून वाचू ते मात्र मला विचारू नका.